मलबार उडता बेडूक कसा शोधावा, कसा ओळखावा

कोल्हापूरहून राधानगरी-दाजीपूरकडे किंवा आजऱ्यावरून आंबोलीकडे पावसाळ्यात जाणाऱ्या ज्यांना मलबार उडता बेडूक पाहायचा असेल, त्यांनी आधी बेडूक शोधण्याऐवजी त्याचे फेसाचे घरटे शोधावे. पावसाने जोर धरला की रात्री पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी स्वतःच्या शरीरातून स्रवणारा द्रव पायांनी घुसळून पांढरा फेस करते आणि त्यात अंडी घालते. या फेसाला भोवतीची पानेही पुष्कळदा चिकटलेली असतात. फेसाचा बाहेरचा थर सुकला तरी आत ओलावा टिकतो आणि अंड्यांतून निघालेली पिल्ले थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणून डबकी आणि विहिरी यांच्यावर आलेल्या फांद्या दिवसाउजेडी न्याहाळून ठेवाव्यात आणि अंधार पडल्यावर तिथे परत यावे. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

ओळखताना पाठीच्या हिरव्या रंगावर विसंबू नये, कारण घाटात हिरवे बेडूक इतरही आहेत. बोटांमधले मोठे, नारिंगी-तांबडे पडदे ही याची खरी खूण होय. दिवसा तो पाय पोटाशी घेऊन पानाला चिकटून बसतो आणि तेव्हा हे पडदे पूर्ण झाकले जातात. त्यामुळे दिवसा तो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. पोट फिकट पिवळे, बोटांची टोके चकतीसारखी, डोळ्यांची बाहुली आडवी. मादी सुमारे १० सेंटीमीटर भरते, नर तिच्याहून लहान असतो. ‘उडता’ म्हटले तरी तो पक्ष्यासारखा उडत नाही. उंचावरून झेप घेऊन पडदे ताणतो आणि ९ ते १२ मीटरपर्यंत तरंगत जातो.

रात्री तो एका जागी दबा धरून बसतो आणि टप्प्यात आलेले कीटक चिकट जिभेने टिपतो. गिळताना बेडकाचे डोळे क्षणभर आत ओढले जातात, कारण डोळ्यांच्या गोलकांच्या दाबाने घास घशाखाली ढकलला जातो. हे पाहायला मिळाले, तर रात्र सार्थकी लागली असे समजावे.

विजेरी मंद ठेवावी आणि ती त्याच्या डोळ्यांवर रोखू नये. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू लावलेल्या हातांनी बेडकाला स्पर्श करू नये. त्याची ओली त्वचा असे पदार्थ शोषून घेते. खरे तर कोरड्या-स्वच्छ हातांनीही उचलू नये. छायाचित्रासाठी फांदी वाकवली, तर फेसाचा गोळा सुटून अंडी वाया जातात, तेव्हा कॅमेराच पुढे न्यावा. एका डबक्यावरून दुसरीकडे जाताना बुटांचा चिखल धुऊन ते वाळवावेत, म्हणजे बेडकांना होणारा बुरशीचा रोग पसरत नाही.