गाळा घेण्याआधी दिवे मोजा

वाढत्या उपनगरात ‘सगळे फ्लॅट विकले गेले’ हे ऐकून दुकानासाठी गाळा घेऊ नका. विकलेलं घर आणि राहतं घर यात फार फरक. रात्री साडेआठला समोर उभं राहून दिवे लागलेल्या खिडक्या आणि बाल्कनीत वाळणारे कपडे मोजा, गिऱ्हाईक तेवढंच.

मग संध्याकाळी 6 ते 9 लोक कोणत्या बाजूने घरी परततात ते पाहा, एकदा कामाच्या दिवशी, एकदा रविवारी. सकाळी पळणारा माणूस थांबत नाही, खरेदी परतीच्या वाटेवर होते. मधे दुभाजक असेल तर पलीकडचं गिऱ्हाईक विसराच.

गाळ्याचं जोतं, म्हणजे ज्या चौथऱ्यावर तो उभा असतो ते, रस्त्यापेक्षा निदान दीड फूट उंच हवं. नव्या वस्तीत रस्ता सारखा खोदतात, त्यावर डांबराचा थर चढतो आणि पावसाचं पाणी शटरखालून आत येतं.