लॅपटॉप तापतोय? आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की नागपुरात ओळखीपाळखीतून एकच तक्रार सुरू होते: पंखा घरघरतो, की-बोर्डच्या वर हात लावला की चटका बसतो आणि मध्येच लॅपटॉप आपोआप बंद पडतो. सगळा दोष उन्हावर जातो. ऊन आहेच. अनेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरायला सांगतात आणि आमच्या घरात दुपारी त्याहून जास्त असतं. तरी उघडून बघितलं की बहुतेक वेळा हवेची वाट अडलेली सापडते.

लॅपटॉप गादीवर ठेवणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक. बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा ओढतात आणि बिजागरीजवळून किंवा बाजूने गरम हवा बाहेर टाकतात. जाळी चादरीत बुडाली की पंख्याला ओढायला हवाच उरत नाही. घरातला लाकडी पाट घ्या आणि लॅपटॉपच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन झाकणं ठेवा. तेवढ्या उंचीनेही फरक पडतो.

दुसरी चूक म्हणजे आतली सफाई न करताच कूलिंग पॅड आणणं. माझ्या भाच्याने तेच केलं होतं. चार वर्षं वापरलेला लॅपटॉप, खाली नवा कोरा पॅड, तरी ब्राउझरच्या चार टॅबमध्ये तापमान ९५ च्या पुढे. खालचं झाकण काढलं तर पंखा धडधाकट होता. पण पंखा आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, बारीक पात्या यांच्या मधोमध करड्या धुळीची पट्टी बसली होती, कापसाच्या पेळूसारखी दाबलेली. चिमट्याने धरली तर एका तुकड्यात बाहेर आली. त्या दिवसापासून तेच काम ७५ च्या आसपास चालतं. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून ही पट्टी कुणाच्या लक्षात येत नाही.

सफाई करताना घाई नको. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे कण आत जातात. स्क्रू कुठला कुठे होता ते कागदावर मांडून ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला की थेट बोर्डात घुसू शकतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळून खडूसारखी झाली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा, पातळ थर पुरतो. जास्त थापल्याने जास्त थंड होत नाही. वॉरंटी चालू असेल तर यातलं काहीच घरी करू नका.

उघडायचं नसेल तर विंडोजचा टास्क मॅनेजर बघा, काय काय चालू आहे ते तिथे दिसतं. सीपीयू (प्रोसेसर) खाणारं नको ते काहीतरी मागे चालू असतंच. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के केलं, की बऱ्याच मशीनवर टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने गरजेला वाढवलेला जादा वेग, बंद होतो. वेग थोडा उतरतो, तापमान त्यापेक्षा जास्त उतरतं. जड कामात ८०-८५ दिसलं तर घाबरू नका. साधारण ९५-१०० ला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, तरीही चढत राहिलं तर बंद होतो.

नुसतं झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकायची सवयही सोडा. नवे विंडोज लॅपटॉप स्लीपमध्येही अर्धवट जागे राहतात आणि बॅगेत भाजून निघतात. शट डाउन करा.

विदर्भात आणखी एक प्रकार दिसतो, लॅपटॉप थेट कूलरसमोर ठेवायचा. गवताच्या ताट्यांतून येणाऱ्या हवेसोबत पाण्याचे तुषार येतात, ते आत गेले की गंज धरतो. फ्रिजमध्ये ठेवणं त्याहून वाईट, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय किंवा झाकण नीट मिटत नाहीये? मग बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग तिथेच थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर मुळीच नका. त्याच दिवशी दुकानात न्या.