उलटी-जुलाबात ओआरएस कसं पाजायचं

लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूचा जोर थंडीत जास्त. पण नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की जुलाब लागलेलं लेकरू तासाभरात मलूल दिसायला लागतं. चुका होतात त्या बहुतेक ओआरएस, म्हणजे पुडीतलं मीठ-साखरेचं मिश्रण घातलेलं पाणी, पाजण्यात.

पुडीवर किती पाणी लिहिलंय ते आधी वाचा. मोठी पुडी 1 लिटरची, छोटी 200 मिलीची. मोठ्या पुडीतलं थोडं अंदाजाने ग्लासात टाकणं अगदी चूक: मिश्रण दाट झालं की आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. अख्खी पुडी उकळून गार केलेल्या, मोजलेल्या पाण्यात घाला. 24 तासांनी उरलेलं फेका.

उलटी झाली की 10 मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा. तहानलेलं मूल वाटी हिसकतं, घटाघटा पितं आणि सगळं बाहेर काढतं. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्याला 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200.

संत्र्याचा रस नको, त्यातल्या साखरेनेही जुलाब वाढतात. अंगावरचं दूध, वरणाचं पाणी, मऊ भात चालू ठेवा. झिंक डॉक्टरांना विचारून, 14 दिवस. जुलाब थांबले तरी. जुलाब बंद करायच्या गोळ्या लहानग्यांना देऊच नका. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, शौचात रक्त दिसलं, तर तडक दवाखाना गाठा.