जनरेटर महिन्यातून एकदा लोडवर चालवा

घराचा जनरेटर ऐन पावसाळ्यात सुरू झाला नाही, तर दोष बहुतेक वेळा इंजिनाचा नसून बॅटरीचा असतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचलेली दिसली, तर ती गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून पुसून काढावी, कोरडे करून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा आणि चार्जर काढून काही तासांनी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे; 12 व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 दाखवते.

महिन्यातून एकदा अर्धा तास चाचणी घ्यावी, परंतु ती रिकामी नव्हे. डिझेल इंजिन क्षमतेच्या 30 टक्क्यांहून कमी लोडवर वारंवार चालले की पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि सायलेन्सरच्या जोडावर काळा, तेलकट ओघळ दिसू लागतो. म्हणून चाचणीच्या वेळी गीझर आणि पाण्याचा पंप अवश्य चालू ठेवावेत.

चेंजओव्हर स्विचच्या, म्हणजे घराला एका वेळी बाहेरच्या वाहिनीची किंवा जनरेटरची अशी एकच वीज जोडणाऱ्या स्विचच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड करू नये. तो नसेल, तर आपली 230 व्होल्टची वीज उलट्या दिशेने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरून वरच्या वाहिनीत हजारो व्होल्ट होऊ शकते, आणि त्याच वेळी वाहिनी बंद आहे असे समजून एखादा वायरमन खांबावर चढलेला असू शकतो. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

धुराचा पाइप खिडकीपासून दूर काढावा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.