सेवाभावी संस्थेने जुन्या वस्तूंचे दुकान कसे चालवावे

जुन्या वस्तूंचे दुकान काढायचे ठरवणाऱ्या संस्थेने सुरुवातीलाच एक कसोटी पक्की करावी: आपल्याकडून नेलेल्या वस्तूमुळे कोणाची तरी नवी खरेदी टळली का? एक सुती टी-शर्ट तयार होईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा जागतिक सरासरीचा अंदाज नेहमी दिला जातो. विदर्भातील बहुतेक कापूस कोरडवाहू असल्याने आपल्याकडे हा हिशोब वेगळा निघेल, पण सूतकताई, रंगाई आणि वाहतूक यांचा भार कुठेही चुकत नाही. शर्ट नुसता दान केल्याने हा भार कमी होत नाही. दुसऱ्या कोणी तो अंगात घालून नवा घेणे टाळले, तरच कमी होतो. कोणी घातलाच नाही, तर तो देणाऱ्याच्या कपाटातून संस्थेच्या खोलीमार्गे नागपूरच्या भांडेवाडी डम्पिंग यार्डात जातो.

म्हणून सर्वांत आधी, काय घेणार नाही याची यादी करावी. वापरलेल्या उशा, अंतर्वस्त्रे, वायर उघडी पडलेली उपकरणे आणि जुनी हेल्मेट घेऊ नयेत. हेल्मेटला आतून तडा गेला असेल तर तो बाहेरून दिसत नाही आणि प्रश्न जिवाचा असतो. कपडे धुऊन, वाळवून, घडी करूनच द्यावेत, ही अट नम्रपणे पण ठामपणे सांगावी. पुष्कळ लोक कळवळ्याने देतात, तर दिवाळीच्या आवराआवरीत केवळ घर मोकळे करायचे म्हणून देणारेही असतात. अट आधीच ठाऊक असली की दोघांचीही सोय होते. एकेका पिशवीसाठी शहरभर गाडी फिरवण्यात पेट्रोल वाया जाते. त्यापेक्षा मनीषनगर किंवा त्रिमूर्तीनगरसारख्या वस्तीतल्या सोसायट्यांशी बोलून महिन्याचा एक दिवस ठरवावा आणि एका फेरीत सगळे उचलावे.

खरी कसोटी निवडीच्या टेबलावर लागते. प्रत्येक कपडा उजेडासमोर धरावा, म्हणजे विरलेली जागा लगेच कळते. कॉलर, काख, चेन आणि इलॅस्टिक या चार जागा न चुकता पाहाव्यात. रेशमी साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली असेल तर ती घडीवरच चिरते. दोन्ही हातांत घडी धरून हलकासा ताण द्यावा, बारीक करकर ऐकू आली तर ती साडी नेसण्यासाठी विकू नये. काठ आणि पदर मात्र धड असतील तर त्यांपासून पिशव्या, बटवे, मुलींचे परकर-पोलके होतात. बचत गटातील शिवणकाम जाणणाऱ्या बायकांना हे काम शिलाईचे रास्त पैसे देऊन द्यावे, कारण सेवेच्या नावाखाली त्यांचे श्रम फुकट घेणे योग्य नाही. तुटलेले बटण किंवा उसवलेली शिवण पाच-दहा मिनिटांत दुरुस्त होते आणि तेवढ्यावरच अनेकदा कपड्याचे भवितव्य ठरते. नागपूरच्या पावसाळ्यात बंद खोलीत कपड्यांना कुबट वास लागतो, म्हणून साठा भिंतीला टेकवून न ठेवता रॅकवर ठेवावा आणि ऊन पडले की पसरावा.

माल ऋतू पाहून बाहेर काढावा. मार्चमध्ये आलेले स्वेटर नीट बांधून ठेवावेत आणि नोव्हेंबरात मांडावेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्यांना मागणी असते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा त्याआधीच दप्तरे, गणवेश आणि पाठ्यपुस्तके इयत्तेप्रमाणे लावलेली असावीत. जुना कूलर घेतला असेल तर पंप चालवून पाहावा, ताट्या बदलाव्यात, पत्रा गंजला आहे का आणि करंट उतरतो का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, आणि फेब्रुवारी संपण्याआधी तो विक्रीला ठेवावा.

फुकट का वाटू नये, असे अनेक जण विचारतात. फुकट मिळते म्हणून उचललेली वस्तू पुष्कळदा घरात तशीच पडून राहते. पैसे देऊन घेताना माणूस माप पाहतो, रंग निवडतो, गरज आहे का हा विचार करतो. शिवाय विकत घेणाऱ्याला कोणासमोर हात पसरावा लागत नाही, आणि मला हे पर्यावरणाइतकेच मोलाचे वाटते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्या आजीच्या काळापासून दारात येत होती. तिच्या व्यवहारात कोणाला लाज वाटत नव्हती, तोच मोकळेपणा दुकानात असावा. किंमत नव्या वस्तूच्या पाव भागाहून कमी असावी आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेली असावी. आरसा आणि पडदा लावलेली कपडे घालून पाहण्याची जागा अवश्य ठेवावी, कारण नीट न बसणारा कपडा घरी जाऊन पुन्हा अडगळच होतो.

संस्था धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे नोंदलेली असावी आणि दुकानाचा हिशोब वेगळा ठेवावा. वस्तुरूपाने दिलेल्या दानावर आयकरात सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. मिळकत कोणत्या कामाला जाते, हे दारावरच्या फलकावर लिहावे.

सहा-आठ आठवड्यांत न विकलेला माल मांडणीतून काढावा. धड सुती कपड्यांच्या गोधड्या होतात आणि उरलेल्या चिंध्या गॅरेजवाले पुर्जे पुसायला घेतात. लोकरीचा माल पुरेसा साचला तर पानिपतला पाठवणाऱ्या व्यापाऱ्याकडे द्यावा, कारण तिथे जुन्या लोकरीपासून पुन्हा सूत काढून कांबळी विणली जातात. पॉलिस्टरच्या चिंध्या पाणी शोषत नाहीत, त्यामुळे त्या पुसायलाही कामाच्या नसतात आणि जाळल्या तर विषारी धूर होतो. सर्वांत अवघड माल हाच, म्हणून तो घेतानाच अधिक पारखावा.

दर महिन्याला काट्यावर वजन करून चार आकडे वहीत लिहावेत: आलेले किलो, विकलेले किलो, चिंध्यांना गेलेले किलो आणि कचऱ्यात टाकावे लागलेले किलो. बिल करताना ग्राहकाला एवढेच विचारावे, "हे इथे मिळाले नसते तर नवे घेतले असते का?" आणि उत्तर त्याच वहीत टिपावे. कचऱ्याचा आकडा वाढू लागला, तर पुढच्या संकलनाच्या दिवसाआधी नकाराची यादी पुन्हा तपासावी आणि प्रत्येक सोसायटीच्या सूचना फलकावर नव्याने लावावी.