मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवल्यावर रक्त पातळ करणारी गोळी घरी कशी सांभाळावी

आईच्या हृदयात मेकॅनिकल मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली कृत्रिम झडप) बसवला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून असिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी, आयएनआरची तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा; जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) आणि शेजाऱ्यांचे सल्ले, तिन्ही चालू आहेत. पहिल्या दोन बंद करता येत नाहीत.

१. गोळी संध्याकाळी, ठरल्या वेळी. रक्त सकाळी द्या, म्हणजे त्याच दिवसाचा डोस बदलता येतो.

२. घेतली की कालनिर्णयाच्या चौकोनात मिलिग्रॅम लिहा. ‘घेतली असेल बहुतेक’ चालत नाही. राहिलेली दुसऱ्या दिवशी आठवली, तर दोन एकदम घेऊ नका.

३. आपला आयएनआर कितीच्या दरम्यान हवा, तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो; मायट्रल व्हॉल्व्हला साधारण २.५ ते ३.५ ठेवतात.

४. आता खरी अडचण. आकडा कमी आला की डोस वाढवायला हात शिवशिवतात. शुक्रवारी आईचा १.८ आला, डॉक्टरांचा फोन लागेना, मी अर्धी गोळी वाढवली. शनिवारी पुन्हा तपासलं, जवळजवळ तेवढाच. रविवारी आणखी वाढवली. बुधवारी दात घासताना बेसिन लाल झालं आणि आयएनआर ६ च्या वर.

ही गोळी रक्तात पाणी घालत नाही. व्हिटॅमिन के वापरून यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं, त्या कामात ती आडवी येते. आधीच बनलेले घटक रक्तात फिरतच राहतात. त्यातलं प्रोथ्रॉम्बिन निम्मं व्हायलाच अडीचेक दिवस लागतात. पहिल्या वाढीचा परिणाम दिसायच्या आत मी दुसरी करून बसले होते. डोस डॉक्टरच बदलतील, आणि बदलला की त्यांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत कळ काढायची.

उलटी चूकही तेवढीच वाईट. हिरडीतून जरा रक्त आलं म्हणून परस्पर गोळी थांबवू नका, फोन करा. व्हॉल्व्हवर गुठळी धरली तर तो अडकतो, नाहीतर गुठळी मेंदूत जाते. ‘तपासणी न लागणारी नवी गोळी’ कुणी सुचवली तर तिथेच थांबवा. डॅबिगॅट्रानसारख्या त्या गोळ्या मेकॅनिकल व्हॉल्व्हला चालत नाहीत.

५. ‘पालक-मेथी कायमची बंद करा’ हा सल्ला मला डोक्यात जातो. पालेभाजीत ते व्हिटॅमिन के असतं, म्हणून खा, पण दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात. श्रावणात साबुदाण्यावर दिवस निघाले आणि पालेभाजी सुटली, की आमच्याकडे आकडा वर सरकतो. उपवास धरण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

६. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या मनाने नकोत. जुलाबाची मेट्रोनिडॅझोलही आयएनआर वाढवते. कमरेत सुई टोचू देऊ नका. दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा.

७. काळी शी, लाल लघवी, न थांबणारं रक्त, अचानक बोबडी वळणं: थेट रुग्णालय. डोक्याला मार लागला तर वर खरचटलेलंही नसलं तरी. आई न्हाणीघरात घसरली तेव्हा ‘काही झालं नाही गं’ म्हणत होती. सीटी स्कॅन करूनच घरी आणली.