या चुका टाळा: पायथनचा एरर दाबू नका, वाचा

पायथन शिकणाऱ्या बहुतेकांचा वेळ चुका करण्यात जात नाही, चूक न वाचता कोड बदलत बसण्यात जातो. लाल अक्षरं दिसली की एक ओळ वर-खाली करायची, एखादा कंस वाढवायचा आणि पुन्हा रन करायचं. असं करून प्रोग्राम चाललाच, तर तो का चालला हेही कळत नाही आणि तीच चूक पुढच्या आठवड्यात परत येते.

ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर दिसणाऱ्या त्या लाल ओळी, खालून वर वाचा. सगळ्यात शेवटच्या ओळीत एररचा प्रकार आणि कारण असतं. मग वर सरकत जा आणि तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव असलेली पहिली ओळ गाठा. मधल्या ओळी लायब्ररीच्या असतात, त्यांना हात लावायचं कारण नाही. पायथन 3.11 पासून त्या ओळीतला नेमका कोणता तुकडा बिघडला त्याखाली खुणाही येतात. सिंटॅक्स एररने दाखवलेल्या ओळीत काहीच चूक सापडत नसेल, तर तिच्या वरची ओळ बघा. 3.10 च्या आधीच्या व्हर्जनमध्ये न मिटलेल्या कंसाची तक्रार पुढच्या ओळीवर यायची, आणि लॅबमधल्या जुन्या मशीनवर ती आजही तशीच येते.

ट्राय, एक्सेप्ट, पास

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती मुद्दाम केली जाते. एरर येतोय म्हणून त्याच्याभोवती ट्राय लावायचं, खाली नुसतं एक्सेप्ट (एरर आला तर) आणि पास (काहीच करू नको) लिहायचं, की स्क्रीन स्वच्छ! प्रोग्राम मात्र होता तितकाच चुकीचा राहतो, फक्त आता तो बोलत नाही.

समजा, सोसायटीच्या जमाखर्चाच्या सीएसव्ही फाइलमधून रकमांची बेरीज करायची आहे. फाइलमध्ये 850, 1,250 आणि 12,400 अशा तीन रकमा आहेत. मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या फ्लोटला स्वल्पविराम चालत नाही, म्हणून 1,250 वर व्हॅल्यूएरर येतो. लूपच्या आत एक्सेप्ट-पास लावलेलं असेल तर ती रक्कम गुपचूप गळते, पाठोपाठ 12,400 सुद्धा गळते. बेरीज यायला हवी 14,500 आणि येते 850. हजाराच्या खालच्या रकमाच तेवढ्या मोजल्या जातात. एरर नाही, इशारा नाही, आणि हिशेब तपासणाऱ्याला हे कळेपर्यंत पावत्या वाटून झालेल्या असतात.

नुसत्या एक्सेप्टचा आणखी एक त्रास असा, की तो कंट्रोल-सीचा सिग्नलही गिळतो. प्रोग्राम लूपमध्ये अडकला तर थांबवतासुद्धा येत नाही. व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकल्यावर येणारा नेमएररही तिथेच गडप होतो.

उपाय सोपा आहे. एक्सेप्टपुढे नेमका प्रकार लिहा, इथे व्हॅल्यूएरर. ट्रायच्या आत एकच ओळ ठेवा, जी फसू शकते तीच. आणि एक्सेप्टमध्ये ती रांग प्रिंट करा. प्रिंट करताना रेप्र() वापरायची सवय लावून घ्या, कारण साध्या प्रिंटमध्ये शेवटची स्पेस दिसत नाही, रेप्रमध्ये दिसते. या उदाहरणात खरी दुरुस्ती म्हणजे फ्लोट करण्याआधी रिप्लेसने स्वल्पविराम काढून टाकणं. दोन मिनिटांचं काम आहे ते.

मराठी मजकूर आणि विंडोज

मराठी नावांची यादी वाचणारा प्रोग्राम लिनक्सवर चालतो आणि विंडोजवर कोसळतो, ही तक्रार नेहमीची. विंडोजवर ओपन() ला एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन सिस्टिमचं जुनं कोडपेज, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर याचा तक्ता, धरतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ते 1252 असतं. फाइल असते यूटीएफ-8 मध्ये, जिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. कमल, विमल ही नावं एररशिवाय वाचली जातात, पण पडद्यावर तिरकी रेघ डोक्यावर घेतलेला रोमन ‘ए’ आणि त्याला चिकटलेलं चार शिंगांचं वर्तुळ अशी रांगच्या रांग उमटते. यादीत पद्मा आली की मात्र सगळं थांबतं. हलन्ताचा शेवटचा बाइट हेक्समध्ये 8डी आहे आणि 1252 मध्ये त्या जागी अक्षरच नाही, म्हणून ‘चारमॅप कोडेक’वाला एरर येतो. ‘झ’ आणि ‘ए’ यांचंही तेच होतं. त्यामुळे पाच नावांच्या टेस्ट फाइलवर चाललेला प्रोग्राम खऱ्या यादीत पहिल्याच जोडाक्षरावर आपटतो.

ओपन() लिहिताना प्रत्येक वेळी एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहा, वाचताना आणि लिहितानाही. पायथन 3.15 पासून हेच डीफॉल्ट ठरवलं आहे, पण तुमची फाइल दुसऱ्या कुणाच्या जुन्या मशीनवरही चालायची आहे. फाइल एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल तर लिहिताना यूटीएफ-8-सिग वापरा, नाहीतर एक्सेल ती डबल क्लिकने उघडताना पुन्हा तोच गोंधळ घालतं. सीएसव्ही लिहिताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या, म्हणजे विंडोजवर एकाआड एक रिकाम्या रांगा येणार नाहीत.

एवढं करूनही ‘कऱ्हाडे’ शोधल्यावर सापडत नसेल, तर तो प्रश्न निराळा. काही कीबोर्ड तिथे ऱ आणि हलन्त टाकतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. डोळ्यांना दोन्ही सारखंच, पायथनला दोन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणाऱ्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही ते एक होत नाहीत. ॲस्की() मधून दोन्ही नावं प्रिंट करा, फरक लगेच उघडा पडतो. मग रिप्लेसने दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्या, डेटा आत घेतानाच, शोधताना नव्हे. लांबीवरही विसंबू नका: ‘क्षमा’ची लेन() 5 येते, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. देवनागरी आकड्यांची मात्र काळजी नको, इंट() ला ‘१२५’ दिलं तरी 125 मिळतं.

पैसे फ्लोटमध्ये ठेवू नका

0.1 अधिक 0.2 चं उत्तर पायथनमध्ये 0.30000000000000004 येतं, कारण 0.1 हा बायनरीत पूर्ण मावत नाही. राउंडने झाकू म्हणाल तर 2.675 दोन दशांशांपर्यंत राउंड करून बघा, 2.67 मिळेल. हा फरक किरकोळ समजणाऱ्यांसाठी: 25 फेब्रुवारी 1991 ला सौदी अरेबियात धाहरानला पेट्रियट या क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणेचं घड्याळ 0.1 सेकंदाच्या अशाच कापलेल्या किमतीमुळे, सुमारे 100 तास सलग चालल्यावर, साधारण 0.34 सेकंद चुकलं होतं. येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि 28 सैनिक मेले. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवा. डेसिमल हा दशांश नेमके ठेवणारा प्रकार वापरणार असाल तर त्याला आकडा स्ट्रिंग म्हणून द्या. फ्लोट दिलात तर चूक आत शिरूनच बसते.

बाकीच्या थोडक्यात. यादीवर सॉर्ट() चालवून उत्तर परत त्याच नावात साठवलंत तर हाती नन, म्हणजे ‘काहीच नाही’, उरतो, कारण सॉर्ट() जागच्या जागी क्रम लावतो. इनपुट() नेहमी स्ट्रिंग देतो, आणि स्ट्रिंगच्या हिशेबात ‘10’ हा ‘9’ पेक्षा लहान. लूप चालू असताना त्याच यादीतून रिमूव्ह केलंत तर पुढचा घटक सुटतो. फंक्शनच्या डीफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये रिकामी यादी ठेवू नका, ती एकदाच तयार होते आणि प्रत्येक कॉलला जुना माल घेऊन येते. स्वतःच्या फाइलला रँडम किंवा सीएसव्ही असं नाव दिलंत तर इम्पोर्ट तुमचीच फाइल उचलतो.

पिपने, म्हणजे लायब्ररी बसवणाऱ्या प्रोग्रामने, इन्स्टॉल करूनही मॉड्यूल सापडत नसेल तर बहुतेकदा मशीनवर दोन पायथन असतात. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असंच लिहा, म्हणजे जो पायथन चालवता त्यातच ते जाईल. आणि व्हॉट्सॲपवर आलेला किंवा वर्डमधून उचललेला कोड ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणत अडला, तर त्यातली वाकडी अवतरणचिन्हं काढून एडिटरमध्ये हाताने सरळ टाइप करा.